अंगावरून पांढरं जाणं: नेहमीचं काय, संसर्गाचं काय आणि उपचार कसे घ्यायचे

योनीमार्गाच्या तक्रारींत सगळ्यात जास्त फसवणारा शब्द म्हणजे ‘खाज’. खाज सुटली की बुरशी झाली, असं निदान आपलं आपणच करून मोकळ्या होतो. मैत्रिणीला ज्या मलमाने बरं वाटलं तेच आणायचं, दोन दिवस लावायचं आणि जरा उतार पडला की ट्यूब कपाटात. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बुरशीचं औषध स्वतःच विकत घेणाऱ्या ९५ जणींची तपासणी केली, तेव्हा निव्वळ बुरशीचा संसर्ग निघाला तो साधारण एक तृतीयांश जणींना. बाकीच्यांत कुणाला जिवाणूंचा असमतोल होता, कुणाला मिश्र संसर्ग, तर काहींना कसलाच संसर्ग नव्हता.

म्हणून या लेखात औषधांकडे जरा उशिराच यायचं आहे. आधी स्वतःचं नेहमीचं काय ते ओळखायचं, मग बदल नीट पाहायचा, मग तपासणी आणि त्यानंतर औषध. अंगावरून जाणारं अंगावर काढायची सवय जितकी वाईट, तितकंच अंदाजाने औषध घेत राहणंही.

हे असेल तर पुढचं नंतर वाचा

ओटीपोटात जोराचं दुखणं आणि सोबत ताप, योनीपाशी दुखणारे फोड किंवा जखम, संभोगानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, गरोदरपणात पाण्यासारखा किंवा रक्तमिश्रित स्राव: यांपैकी काहीही असेल तर घरी अंदाज बांधत बसू नका, डॉक्टरकडे जा. टॅम्पॉन (पाळीचं रक्त शोषायला योनीत ठेवायची कापसाची सुरळी) वापरताना अचानक खूप ताप, अंगावर पुरळ, चक्कर असं झालं तर टॅम्पॉन लगेच काढून थेट रुग्णालय गाठायचं. जबरदस्तीचा संबंध झाला असेल तर जितक्या लवकर जाल तितकं बरं. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात.

पायरी १: आतलं आणि बाहेरचं वेगळं करा

‘योनी’ म्हणून आपण सगळं एकातच गुंडाळतो. बाहेरून दिसतात ते मोठे आणि छोटे ओठ, मूत्रद्वार, योनीचं तोंड. योनीमार्ग हा त्याच्या आतला, गर्भाशयाच्या मुखापर्यंत जाणारा स्नायूंचा मार्ग. बाहेरची त्वचा ही त्वचाच आहे, तिला साबण, सुगंध, घाम, घर्षण यांचा त्रास होतो. आतली बाजू मात्र स्वतःची सफाई स्वतः करते आणि अंगावरून जाणारा स्राव हा त्याच सफाईचा भाग आहे.

हा भेद लघवीच्या वेळी उपयोगी पडतो. लघवी बाहेरच्या सोललेल्या त्वचेवर पडली की चुरचुरते, ती आग बाहेर जाणवते. मूत्रमार्गाच्या संसर्गात आग आत, लघवी होतानाच जाणवते आणि सारखं जावंसं वाटतं. डॉक्टरला ‘लघवीला जळजळ’ एवढंच सांगितलं तर ते मूत्रमार्गाच्या दिशेने विचार करतील. आग नेमकी कुठे होते ते सांगा.

पायरी २: आपलं नेहमीचं काय ते माहीत करून घ्या

वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंत योनीमार्ग आम्लधर्मी असतो, पीएच साधारण ३.८ ते ४.५ (पीएच हे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त). इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन (साखरेचा साठा) जमतं, त्यावर लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू पोसले जातात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्या आम्लात इतर जंतूंना जम बसवता येत नाही. जर्मन डॉक्टर आल्बर्ट ड्योडरलाइन यांनी १८९२ साली या जिवाणूंचं वर्णन केलं.

गडद रंगाच्या अंतर्वस्त्रावर मध्यभागी फिकट, विरंजन झाल्यासारखा डाग पडतो तो याच आम्लामुळे. कापड खराब नाही आणि तुम्हीही आजारी नाही. हे कुणी शाळेतच सांगितलं असतं तर किती मुलींची काळजी वाचली असती!

स्राव महिनाभर एकसारखा नसतो. पाळी संपल्यावर जरा कोरडं वाटतं, बीजकोशातून बीज सुटायच्या सुमारास स्राव वाढतो आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, तार सुटणारा होतो. नंतर घट्ट, पांढरट, चिकट. गरोदरपणात तो वाढतो. कपड्यावर वाळला की पिवळसर दिसतो. थोडा आंबूस वास असतोच. योनीला फुलांचा वास यायला हवा हे खूळ उत्पादनं विकणाऱ्यांचं आहे.

दोन-तीन महिने पाळीच्या तारखांसोबत एका ओळीत स्रावाची नोंद ठेवून पाहा. एकदा आपला नमुना कळला की बदल झालेला दिवस तुमच्या लगेच लक्षात येईल.

पायरी ३: बदल दिसला तर आधी हे पाहा

रंग आणि पोत कसा आहे, वास आहे का, खाज किंवा आग आहे का, आणि हे कशानंतर सुरू झालं. चौथ्या प्रश्नाचं उत्तर अनेकदा सगळ्यात उपयोगी ठरतं. प्रतिजैविकांचा कोर्स, नवा साबण किंवा पँटीलायनर (अंतर्वस्त्राला चिकटवायचं पातळ पॅड), नवा जोडीदार, मधुमेहाची नवी गोळी, बाळंतपण, यांपैकी काही अलीकडे झालंय का? मधुमेहाच्या काही गोळ्या, ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं, त्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात आणि त्यामुळे बुरशीचा त्रास वाढतो. हे अनेकींना गोळी सुरू करताना कुणी सांगितलेलं नसतं.

पायरी ४: तीन मुख्य कारणं ओळखा

*जिवाणूंचा असमतोल (बॅक्टेरियल व्हजायनोसिस).* स्राव बदलण्याचं हे अगदी सर्रास आढळणारं कारण, पण नाव फारसं कुणाच्या तोंडी नाही. यात बाहेरून एखादा जंतू येऊन हल्ला करतो असं नाही. लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि गार्डनेरेलासारखे, ऑक्सिजनविना वाढणारे जिवाणू भरमसाट वाढतात. स्राव पातळ, राखाडी-पांढरा, अस्तराला सगळीकडे सारखा लागलेला. वास मासळीसारखा, आणि संभोगानंतर किंवा पाळीच्या दिवसांत जास्त, कारण वीर्य आणि रक्त आम्लधर्मी नसतात. खाज सहसा नसते, असली तर थोडीच. निम्म्याहून जास्त जणींना तर काही जाणवतही नाही.

वास येतोय म्हणून जास्त धुवायचं, धुतल्याने उरलेसुरले चांगले जिवाणू जायचे, मग वास आणखी यायचा, असं हे चक्र असतं. वासाचा स्वच्छतेच्या अभावाशी संबंध नाही.

उपचार म्हणजे मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ७ दिवस; किंवा ०.७५ टक्के मेट्रोनिडाझोल जेल रोज एकदा योनीत, ५ दिवस. किंवा २ टक्के क्लिंडामायसिन क्रीम झोपताना, ७ रात्री. गोळ्यांनी तोंडाला धातूसारखी चव येते आणि मळमळतं, म्हणून जेवणानंतर घ्या. बुरशीच्या मलमाचा इथे शून्य उपयोग.

हा त्रास परत येतो, आणि हेच याचं सगळ्यात चिडचिड करायला लावणारं अंग. उपचारानंतर वर्षभरात निम्म्याहून अधिक जणींना तो पुन्हा होतो. जोडीदाराला औषध देऊन उपयोग नाही, असंच वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं. मार्च २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले आणि ते मत हललं. तिथे पुरुष जोडीदारालाही आठवडाभर तोंडावाटे मेट्रोनिडाझोल आणि शिश्नाच्या त्वचेवर लावायला क्लिंडामायसिन क्रीम दिलं. १२ आठवड्यांत पुन्हा त्रास झालेल्या बायकांचं प्रमाण ३५ टक्के राहिलं. फक्त बायकांनाच उपचार दिले त्या गटात ते ६३ टक्के होतं. म्हणजे एकच जोडीदार असेल आणि त्रास पुन्हापुन्हा येत असेल, तर दोघांच्या उपचाराचं डॉक्टरला जरूर विचारा.

*बुरशी (कॅन्डिडा).* इथे मात्र खाज खरी, आणि झोप उडवणारी. बाहेरची त्वचा लाल, सुजलेली, कधी नखाने ओरखडल्यासारख्या बारीक चिरा. स्राव घट्ट, दह्याच्या गुठळ्यांसारखा. काहींना फारसा स्राव नसतोही. वास मात्र नसतो, आणि ही खूण मला सगळ्यांत भरवशाची वाटते. पाळीच्या आधीच्या आठवड्यात त्रास वाढतो. सुमारे ७५ टक्के स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो, तेव्हा लाजण्यासारखं यात काही नाही.

बहुतेक वेळा कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी असते. थोड्या प्रमाणात ती अनेक निरोगी बायकांमध्ये राहतेच. प्रतिजैविकांनी शेजारचे जिवाणू मारले गेले, साखर वाढली, गरोदरपण आलं किंवा प्रतिकारशक्ती घटली की तिला मोकळं रान मिळतं. उपचार सोपा आहे: फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची एकच गोळी तोंडावाटे, किंवा क्लोट्रिमाझोल योनीत, ५०० मिलिग्रॅमची एक गोळी वा १ टक्का क्रीम ७ दिवस. दोन्हींचा गुण जवळपास सारखाच. गरोदर असाल तर फ्लुकोनाझोल टाळून ७ दिवसांचं योनीत वापरायचं औषधच घ्यायचं. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन किंवा इतर नियमित औषधं चालू असतील तर फ्लुकोनाझोल घेण्याआधी सांगा, बऱ्याच औषधांशी त्याचं जमत नाही.

*ट्रायकोमोनास.* हा एकपेशीय परजीवी, लैंगिक संबंधातून पसरणारा. पिवळट-हिरवट, कधी फेसाळ स्राव, वास, खाज, आग, सगळं एकत्र येऊ शकतं. पण संसर्ग झालेल्यांपैकी बहुतेकांना काहीच लक्षण नसतं, पुरुषांना तर फारच क्वचित. स्त्रियांना मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा ७ दिवस देतात. इथे जोडीदाराचा उपचार ऐच्छिक नाही. दोघांचा कोर्स पूर्ण होऊन त्रास थांबेपर्यंत संबंध टाळायचा आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची. परजीवी लक्षणांशिवाय बरेच महिने राहू शकतो, त्यामुळे तो सापडला म्हणजे जोडीदाराने नुकतीच फसवणूक केली असा निष्कर्ष लगेच काढू नका.

क्लॅमिडिया आणि गोनोरिया हे मुळात गर्भाशयाच्या मुखाचे संसर्ग, बऱ्याचदा लक्षणांविना. दुर्लक्ष झालं तर ते वर गर्भनलिकांपर्यंत जातात आणि पुढे मूल राहण्यात अडचण येऊ शकते. नवा जोडीदार असेल तर स्राव नेहमीसारखा असला तरी ही तपासणी मागून घ्या.

आणि काही वेळा संसर्ग नसतोच. सुगंधी पॅडची अ‍ॅलर्जी, आत विसरलेला टॅम्पॉन (याचा वास भयंकर असतो), किंवा लायकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा आजार, ज्यात बाहेरची त्वचा पांढरी, पातळ होते आणि वर्षानुवर्षं खाजते. बुरशीचं औषध तीनदा घेऊनही खाज तशीच असेल, तर चौथ्यांदा तेच घेण्याऐवजी कुणाला तरी ती त्वचा प्रत्यक्ष पाहू द्या.

पायरी ५: तपासणीला जाताना

दोन-तीन दिवस आधीपासून योनीत कुठलंही औषध घालू नका, आतून धुऊ नका, आदल्या दिवशी संबंध टाळा. आधी घेतलेल्या औषधांची नावं किंवा रिकामी पाकिटं सोबत ठेवा. पाळीची तारीख, गरोदर असण्याची शक्यता, जोडीदार, आधी किती वेळा असं झालंय, हे विचारलं जाईल. ही चौकशी नाक खुपसण्यासाठी नसते, उपचार त्यावरच ठरतात.

तपासणीत स्पेक्युलम नावाचं उपकरण योनीत सरकवून आतलं पाहतात. श्वास सोडत कंबर सैल ठेवली की त्रास कमी होतो. लहान आकाराचं स्पेक्युलम मागता येतं, स्त्री सहायक हजर असावी असं सांगता येतं, मध्येच ‘थांबा’ म्हणता येतं. संभोग कधीच झालेला नसेल तर ते आधी सांगा. बऱ्याच तपासण्यांसाठी तुम्ही स्वतः घेतलेला कापसाच्या काडीचा नमुनाही चालतो.

मग पीएच कागद. ४.५ किंवा त्याहून कमी आणि सोबत खाज, तर बुरशीकडे बोट. त्याहून जास्त, तर जिवाणूंचा असमतोल किंवा ट्रायकोमोनास. स्रावाचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बुरशीचे धागे, वळवळणारा परजीवी किंवा जिवाणूंनी मढलेल्या पेशी दिसतात. इतकी साधी, झटपट तपासणी. तरी अनेक ठिकाणी ती न करताच ‘सगळ्यावर चालणारं’ एकच पाकीट हातात दिलं जातं. पहिल्या वेळी एक वेळ चालेल, पण दुसऱ्यांदा त्रास आला तर नमुना तपासायचा आग्रह धरा. बुरशीविरोधी, जिवाणूविरोधी आणि स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र असलेलं मलम तर कुणी नेमकं कारण सांगून लिहून दिल्याशिवाय लावूच नका. स्टेरॉइडने खाज दबते आणि आजार आपल्या जागी राहतो.

पायरी ६: योनीत ठेवायचं औषध कसं वापरायचं

वेळ रात्रीची, झोपण्याआधी. हात धुवा, पाठीवर झोपून गुडघे वर घ्या आणि गोळी बोटाने किंवा सोबतच्या नळीने सहज जाईल तितकी आत सरकवा. योनीमार्ग वर गर्भाशयाच्या मुखापाशी संपतो, गोळी ‘पोटात हरवत’ नाही. सकाळी पांढरा भुगा किंवा चिकट द्रव बाहेर येईल, ते औषधाचेच अवशेष. पँटीलायनर वापरा, टॅम्पॉन नको, तो औषध शोषून घेतो. गरोदर असाल तर नळी वापरण्याआधी डॉक्टरला विचारा.

पाळी चालू असताना गोळी वाहून जाते, म्हणून पाळी जवळ आली असेल तर सुरू करण्याची तारीख आधीच विचारून ठरवा. तेलकट क्रीम आणि गोळ्यांनी लॅटेक्सचा कंडोम कमजोर होतो; क्लिंडामायसिन क्रीमनंतर हा परिणाम पाच दिवस राहू शकतो. उतार दोन दिवसांतच पडला तरी कोर्स पूर्ण करा. आठवड्याने काहीच फरक नसेल तर निदानच चुकलं असण्याची शक्यता धरा.

पायरी ७: परतपरत होत असेल तर

वर्षात तीन किंवा अधिक वेळा बुरशी झाली तर तिला वारंवार होणारी म्हणतात. आधी नमुन्याचं कल्चर करून (म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून) तिची जात पाहायची, रक्तातली साखर तपासायची. नेहमीची जात असेल तर फ्लुकोनाझोल तीन-तीन दिवसांच्या अंतराने तीन वेळा आणि मग आठवड्यातून एकदा सहा महिने, असा लांबचा कोर्स देतात. कॅन्डिडा ग्लॅब्राटा ही दुसरी जात निघाली तर फ्लुकोनाझोलला ती बऱ्याचदा दाद देत नाही. मग ६०० मिलिग्रॅम बोरिक अ‍ॅसिडची कॅप्सूल योनीत दोन आठवडे, तीही डॉक्टरच्या सांगण्यावरूनच. ही कॅप्सूल चुकून गिळली तर जीव जाऊ शकतो. गरोदरपणात ती पूर्ण वर्ज्य, आणि लहान मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही.

जिवाणूंचा असमतोल परत येत असेल तर मेट्रोनिडाझोल जेल आठवड्यातून दोनदा काही महिने वापरतात. प्रोबायोटिक (चांगल्या जिवाणूंच्या) गोळ्यांबद्दल बरंच बोललं जातं, पण पुरावा अजून कच्चा आहे. पैसे घालवण्याआधी हे लक्षात असू द्या. दही, लसूण, टी ट्री तेल आत घालण्याचे प्रयोग करू नका. लसणाने अस्तर भाजतं, तेलाने त्वचा सोलते.

रोजचं

बाहेरचा भाग साध्या कोमट पाण्याने दिवसातून एकदा धुवा. आत पाण्याचा फवारा, व्हिनेगर, जंतुनाशक काहीही नको. सुती अंतर्वस्त्र, ओले किंवा घामाचे कपडे लवकर बदलणं, शौचानंतर पुढून मागे पुसणं. टॅम्पॉन आठ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, मासिक पाळीचा कप बारा तासांच्या आत रिकामा करा. इंटिमेट वॉशबद्दल माझं मत एका वाक्यात: पैसे वाचवा.

वय वेगळं, नियम वेगळे

वयात न आलेल्या मुलीला खाज किंवा स्राव असेल तर बुरशी क्वचितच असते. साबणाचा फेस, जंत, आत अडकलेला टिश्यूचा तुकडा ही कारणं आधी पाहतात. रक्त किंवा दुर्गंधी असेल, किंवा कुणी त्रास दिल्याची जरा जरी शंका असेल, तर मुलीला न रागावता तपासणीला न्या.

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन उतरतं, अस्तर पातळ होतं, लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि पीएच वाढतो. कोरडेपणा, आग, संबंधाच्या वेळी दुखणं, वरचेवर लघवीचा संसर्ग, हे सगळं एकाच कारणाने होऊ शकतं. बुरशी समजून मलमं लावणाऱ्या पन्नाशीपुढच्या कितीतरी जणींना खरं तर याचाच त्रास असतो. पाण्यावर आधारित वंगण संबंधाच्या वेळी वापरता येतं, योनीसाठीचं मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा. तेवढ्याने भागलं नाही तर योनीत वापरायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन: साधारण दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. पूर्ण गुण यायला तीन महिनेही लागू शकतात, म्हणून पंधरा दिवसांत सोडून देऊ नका. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी त्या डॉक्टरांशी बोला. आणि पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक थेंब जरी दिसला, तरी तो कोरडेपणाचा आहे असं स्वतः ठरवू नका. त्याच आठवड्यात तपासणीची वेळ घ्या.